प्लेट बसवलेलं मनगट आणि दंडाचा पट्टा: बीएफआर करावं का, कसं, आणि कधी नको

प्रश्न थोडक्यात असा: पडून उजवं मनगट मोडलं, ऑपरेशन करून प्लेट आणि स्क्रू बसवले, त्याला ७ आठवडे झाले. एक्स-रे बघून सर्जन समाधानी आहेत. पण बरणीचं झाकण उघडत नाही, ओला टॉवेल पिळता येत नाही, मुठीत निम्मीही ताकद नाही. फिजिओथेरपिस्टने दंडाला हवेचा पट्टा बांधून अर्ध्या किलोच्या वजनाने व्यायाम सुचवलाय. घरच्यांना धास्ती आहे की रक्तच अडवलं तर हाड जुळायचं कसं. आणि तसाच पट्टा ऑनलाइन मिळत असताना तो मागवून घरीच केलं तर चालेल का, हा शेवटचा भाग.

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. तुमच्या टप्प्यावर ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन, आम्ही नुसतं बीएफआर म्हणतो, करायला हरकत नाही. खरं तर त्याचा काळ हाच. पण दाब मोजून, आणि समोर जाणकार माणूस असताना. घरी अंदाजाने पट्टा आवळणं नको. आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. मूठ वळल्यावर चारही बोटांची टोकं तळहाताला टेकतात का? कोपर कमरेशी धरून तळहात पूर्ण उताणा होतो का, ओंजळीत पाणी धरता येईल इतका? होत नसेल, तर पट्ट्याचा नंबर दुसरा. पट्टा ताकदीसाठी आहे. आखडलेला सांधा तो सोडवत नाही, व्रणाखाली चिकटलेला स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) मोकळा करत नाही. न वळणाऱ्या मुठीला पट्टा बांधून वजन उचलायला लावलेले हात मी पाहिलेत. दंड भरतो, बोटं तिथंच राहतात.

आता ताकद गेली कुठे ते बघू. हाड मोडलं म्हणून मूठ कमजोर झाली असं सगळ्यांना वाटतं, आणि ते अर्धंच खरं आहे. हल्लीची बहुतेक ऑपरेशनं तळहाताच्या बाजूने होतात. अंगठ्याकडच्या बाजूला हाताची जी ठळक शीर दिसते (शीर म्हणतात, पण तो स्नायुबंध असतो), तिच्या कडेने सर्जन आत शिरतात. हाडावर पसरलेला एक लहानसा चौकोनी स्नायू उचलून बाजूला करतात आणि त्याच्याखाली प्लेट बसवतात. तळहात पालथा करणाऱ्या स्नायूंपैकी हा एक. मग स्प्लिंट, सूज, दुखणं. दुखणाऱ्या भागाकडे मेंदू पूर्ण हुकूम पाठवतच नाही. कोपराच्या खालचा मांसल भाग टेपने मोजला तर दोन्ही हातांत फरक दिसतो. कित्येकदा मोजायचीही गरज नसते, बाहीच सैल झालेली असते.

ही ताकद परत आणायची नेहमीची रीत म्हणजे जड वजन. स्नायू वाढवायचा तर माणूस जेमतेम एकदा उचलू शकेल अशा वजनाच्या ६० ते ७० टक्के भार लागतो, असं व्यायामशास्त्र सांगत आलंय. तो भार नुकत्या जुळलेल्या हाडावर टाकायचा कसा? आणि नुसती मूठ आवळण्यात काय एवढं, असं समजू नका. प्रयोगशाळेत हाताच्या नमुन्यांवर मोजलं गेलंय: मुठीत १० न्यूटन जोर लावला की रेडियसच्या (पुढच्या हातातलं अंगठ्याकडचं हाड) मनगटाकडच्या टोकावर साधारण २६ न्यूटन येतात. म्हणजे ४ किलोची पकड, तर हाडावर १० किलोच्या वर. स्नायुबंध मनगटावरून जाताना सांध्याला आपल्याकडे ओढतात, म्हणून हा गुणाकार. हाडाला हलकं हवं, स्नायूला जड. बीएफआर बसतं ते या दोहोंच्या मधल्या काही आठवड्यांत.

ही कल्पना जपानमधली. योशिआकी सातो १९६६ साली एका धार्मिक विधीला बराच वेळ गुडघे दुमडून बसले होते. पोटऱ्या सुन्न झाल्या, चोळायला हात लावला, तर त्या भरपूर व्यायाम केल्यावर होतात तशा फुगून टणक झालेल्या. पुढे त्यांनी स्वतःवर प्रयोग करून त्यातून 'कात्सु' नावाची पद्धत उभी केली. मुंग्या आलेल्या पायाकडे बघून एवढं सुचणं म्हणजे कमाल आहे, असं मला दर वेळी वाटतं.

आत घडतं ते असं. दंडाच्या वरच्या टोकाला पट्टा बसतो. आत येणारं धमन्यांचं रक्त कमी होतं, पण थांबत नाही. बाहेर जाणारं शिरांचं रक्त जवळजवळ अडतं. अशा हाताने हलकं वजन उचलायला लागलं की स्नायूत प्राणवायू कमी पडतो आणि टाकाऊ पदार्थ साचतात. एरवी अर्ध्या किलोला फक्त चिवट, हळू दमणारे तंतू कामाला लागतात. मोठे, जोरकस तंतू जड वजनाची वाट बघत बसून असतात. चिवट तंतू लवकर दमले की शरीर नाइलाजाने त्या मोठ्यांना उठवतं. शिवाय पेशींत पाणी शिरून त्या फुगतात, हाही वाढीचा एक इशाराच. सगळ्याचा हिशेब असा की २० ते ३० टक्के भारात स्नायूला जड कामाचा भास होतो, आणि हाडाला मात्र हलकंच काम मिळतं.

घरच्यांच्या धास्तीबद्दल. त्यांना हे सांगा: ऑपरेशनच्या वेळी तुमच्या दंडाला असाच पट्टा बहुधा बांधलेलाच होता. तो साधारण २५० मिलिमीटर (रक्तदाब मोजतात त्याच मापात) दाबाला, रक्त पूर्ण बंद करून, बराच वेळ असतो; दोन तासांपर्यंत तो चालतो असं धरतात. व्यायामाचा दाब त्याच्या चौथाई-तिहाई असतो, धमनी उघडी असते, आणि एका व्यायामाला ६-७ मिनिटं लागतात. तेवढ्याने हाड उपाशी राहत नाही. उलट टोकाचा दावाही ऐकू येईल, की बीएफआरने हाड लवकर जुळतं. तसा भरवशाचा पुरावा माणसाच्या मनगटात नाही, तेव्हा त्या आशेने करू नका.

आता एक सत्र कसं होतं ते सांगते, म्हणजे तुमच्या फिजिओकडे काय बघायचं ते कळेल.

खुर्चीत बसवते. पुढचा हात टेबलावर, खाली घडी केलेला टॉवेल, पंजा टेबलाच्या कडेबाहेर. कफ, म्हणजे हवेचा पट्टा, काखेच्या जितका जवळ जाईल तितका वर, आत सुती कापड, म्हणजे कातडी चिमटत नाही. मग मनगटावर जेल आणि डॉपलरची पेन्सिल (धमनीतल्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र). नाडी बघायची नेहमीची जागा अंगठ्याच्या बाजूला, पण तुमच्या टाक्यांची रेघ नेमकी तिच्या शेजारून जाते. तिथं हुळहुळत असेल तर करंगळीकडच्या धमनीवर ऐकते. हुश्श-हुश्श आवाज येतो. हवा हळूहळू भरत गेलं की तो बारीक होतो आणि एका आकड्याला गप्प होतो. समजा १३०. हा तुमच्या हाताचा, या कफचा, या बसण्यातला पूर्ण बंद होण्याचा दाब. त्याच्या निम्मा, ६५, हा व्यायामाचा दाब. पायाला ८० टक्क्यांपर्यंत जातात. हाताला ४० ते ५० पुरतात, आणि त्याहून जास्त करून फायदा वाढतो असं मला दिसलेलं नाही, कुरकुर मात्र वाढते.

पहिला सेट ३० वेळा. मनगट दोन सेकंदांत वर, दोन सेकंदांत खाली, हिसका नाही. ३० सेकंद विश्रांती, पण हवा तशीच. मग १५, परत १५, परत १५. एकूण ७५. पहिल्या सेटला जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, "एवढ्यानं काय होणार?" तिसऱ्या सेटच्या आठव्या-नवव्या वेळी बोलणं बंद होतं. हाताला रग लागते, शिरा फुगतात, पुढचा हात लाकडासारखा टणक, पंजा लालसर-जांभळट. अर्धा किलो ५ किलोसारखा वाटायला लागतो. रग कोपराच्या खालच्या मांसल भागात लागली पाहिजे. मनगटाच्या सांध्यात किंवा प्लेटच्या जागी टोचायला लागलं तर ती रग नव्हे, तिथंच थांबायचं. मधल्या विश्रांतीत मी नख दाबून सोडते. पांढरं झालेलं नख दोन-तीन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. पंजा लाल-जांभळा चालतो, पांढराफटक चालत नाही. त्याचा अर्थ धमनीच बंद झालीय.

मग हवा सोडायची, एक-दोन मिनिटं हात मोकळा, आणि पुढचा व्यायाम. मनगट मागे उचलणं, पुढे वाकवणं, आणि मऊ चेंडू किंवा पुट्टी (व्यायामाचा मळलेल्या कणकेसारखा गोळा) दाबणं, एवढे तीन पुरतात. तळहात उताणा-पालथा करायचा व्यायाम मी पट्ट्याशिवायच घेते, कारण त्यात ताकदीपेक्षा वळणं महत्त्वाचं. आठवड्यातून दोन-तीन वेळा. वजन किती, हे ठरवायला तुमच्या मोडलेल्या हाताची कमाल ताकद आजमावायची नसते. चांगल्या हातावरून अंदाज बांधायचा, आणि नाहीच कळलं तर रिकाम्या मुठीपासून सुरुवात. ३० वेळा आरामात झालं आणि शेवटचा १५ चा सेटही गप्पा मारत झाला, तरच वजन वाढवायचं.

दाब मोजण्यावर एवढा जोर का देते, तर चूक माझ्याच हातून झाली होती. सुरुवातीच्या काळात डॉपलर नव्हता, आणि "हाताला १००" असा एक ठोकळ आकडा मी सगळ्यांना लावायचे. धष्टपुष्ट दंडाच्या माणसांचं निभावलं. एक सडपातळ बाई होत्या, वयस्कर, रक्तदाबही मुळात कमी. दुसऱ्याच सेटला म्हणाल्या, "पंजा माझा वाटत नाही." मी म्हटलं, थोडी रग लागणारच. त्यांनी सभ्यपणे पूर्ण केलं. हवा सोडल्यावर अंगठा आणि तर्जनीचा बधीरपणा संध्याकाळपर्यंत गेला नाही. नंतर नीट मोजलं, तर त्यांचा पूर्ण बंद होण्याचा दाबच १०५ निघाला. म्हणजे मी त्यांना बीएफआर नाही, जवळजवळ ऑपरेशनचा टुर्निके, रक्त पूर्ण बंद करणारा पट्टा, लावला होता. नस दुखावली नाही हे नशीब.

ऑनलाइन पट्ट्याबद्दल माझं मत यावरूनच ठरलंय. लवचिक पट्ट्यावर "१० पैकी ७ इतकं घट्ट वाटेपर्यंत आवळा" असं लिहिलेलं असतं. निरोगी खेळाडूचं त्यात कदाचित निभेल. ऑपरेशन झालेल्या, सूज येऊन गेलेल्या, नसा आधीच हुळहुळ्या असलेल्या हाताच्या स्वतःच्या जाणिवेवर मी भरवसा ठेवत नाही. शिवाय रुंदीचा खेळ आहे: पट्टा जितका अरुंद, तितका रक्त अडवायला दाब जास्त लागतो, आणि तो सगळा नसेवर एका रेघेत येतो. घरचं रक्तदाबाचं यंत्र वापरू का, हेही कोणीतरी विचारतंच. आपोआप चालणारं यंत्र फुगून लगेच सुटतं, आणि हाताने फुगवायच्या कफचं व्हेलक्रो स्नायू फुगला की उचकटतं, दाबही ढळत राहतो. त्यापेक्षा आठवड्यातले दोन दिवस फिजिओकडे जा आणि उरलेल्या दिवशी घरी वळवण्याचे व्यायाम करा.

पुरावा किती आहे? मनगटाच्या फ्रॅक्चरवर झालेल्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत, काही प्लास्टरने बऱ्या झालेल्यांवर, काही ऑपरेशन झालेल्यांवर. त्यांत दुखणं कमी होणं आणि रोजची कामं सोपी जाणं हा फायदा दिसतो. मुठीच्या ताकदीचा आकडा मात्र सगळीकडे ठळक पुढे गेलेला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण जाहिरातीत नेमकं उलटं लिहिलेलं असतं. माझ्या टेबलावरचा अनुभवही तसाच: तीन-चार आठवड्यांत माणूस म्हणतो "हात वापरायची भीती गेली", आणि मुठीची ताकद मोजणाऱ्या मापकावरचा आकडा त्यामागून सावकाश येतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा अभ्यास पुष्कळ जुना आणि मोठा आहे; तिथले आकडे जसेच्या तसे मनगटाला चिकटवू नयेत.

धोक्यांचं प्रमाणही सांगते. २००६ मध्ये जपानच्या केंद्रांतल्या सुमारे १२,६०० लोकांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यात कातडीखाली लाल-निळे डाग १३ टक्क्यांना, तात्पुरता बधीरपणा १.३ टक्क्यांना, आणि शिरेत गुठळी ०.०६ टक्क्यांच्या आसपास. डाग दिसले तर घाबरू नका, आठवड्यात जातात. पण ज्यांनी हे करूच नये अशी माणसं आहेत: पूर्वी शिरेत गुठळी झालेले, रक्तदाब ताब्यात नसलेले, सिकल सेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असलेले, हाताच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले, त्या हाताला डायलिसिसचा फिस्टुला असलेले, स्तनाच्या कर्करोगात त्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढलेल्या, गरोदर. जखम पूर्ण कोरडी नसेल, संसर्गाची शंका असेल, तरीही नको. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि मनगट मोडलेल्यांत नेहमी भेटणारी एक गोष्ट: अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल, तर ती मधली नस मनगटात दबल्याची खूण. आधी तिचा बंदोबस्त.

एका अवस्थेसाठी वेगळं सांगायला हवं. पंजा तापल्यासारखा किंवा गार, कातडी तुकतुकीत, घाम, सूज उतरत नाही, आणि साधी बाही घासली तरी जाळ झाल्यासारखं दुखतं, असं असेल तर तो कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम असू शकतो. अशा हाताला मी पट्टा लावत नाही. "जोर लावला की सुटेल" हा सल्ला इथं सगळ्यात जास्त नुकसान करतो.

व्यायामाशी संबंध नसताना घडणारी, पण याच आठवड्यांत घडू शकणारी एक घटना माहीत असू द्या. तळहात टेबलावर ठेवून अंगठा वर उचलता येत होता आणि एके दिवशी अचानक येईनासा झाला, किंवा अंगठ्याचं शेवटचं पेर वाकेनासं झालं, तर अंगठ्याचा स्नायुबंध तुटलेला असू शकतो. कधी हाडाच्या कडेवर, कधी प्लेटच्या किंवा स्क्रूच्या टोकावर घासून. बरेचदा दुखतही नाही. ती ताकदीची कमी समजून व्यायाम वाढवत बसू नका, सर्जनला त्याच दिवशी फोन करा.

फायदा होतोय की नाही हे मनावर सोडायचं नाही, मोजायचं. मुठीचं मापक दोन्ही हातांनी, दर वेळी मुठीची दांडी एकाच खाचेत ठेवून, तीन प्रयत्नांची सरासरी. उजव्यांचा उजवा हात मुळात डाव्यापेक्षा साधारण १० टक्के ताकदवान असतो, तेव्हा "डाव्याइतका झाला" म्हणजे काम संपलं असं नाही. त्याच्या जोडीला मनगटाची १५ प्रश्नांची गुणपत्रिका आहे, शून्य ते १००, जितके गुण कमी तितकं बरं. ती दर दोन-तीन आठवड्यांनी भरा. सहा आठवडे बीएफआर करून दोन्ही जागचे जागी असतील तर पट्टा सोडा आणि कारण दुसरीकडे शोधा. बहुतेकदा ते उताणा न होणाऱ्या तळहातात सापडतं.

आणि चांगलं चाललं, तरीही पट्टा सुटायचाच आहे. हाड पक्कं जुळलं असं सर्जनने सांगितलं की मी वजन वाढवत नेते आणि पट्टा कमी करते: आधी तीनपैकी एक व्यायाम पट्ट्याविना, मग दोन. हातावर भार देऊन उठणं, ढकलणं, पिशवी उचलणं हे हाडालाही हवं असतं. भाराशिवाय हाड घट्ट होत नाही, आणि तो भार बीएफआर मुद्दामच टाळतं.

पुढच्या भेटीत फिजिओला तीन गोष्टी विचारा. माझा बंद होण्याचा दाब किती निघाला? त्याच्या किती टक्क्यांवर करतोय? आणि वजन कुठल्या हिशेबाने ठरवलं? उत्तरं आकड्यांत आली तर निर्धास्तपणे हात पुढे करा. सर्जनची भार देण्याची परवानगीही कागदावर घेऊन ठेवा, "एक्स-रे छान आहे" म्हणजे परवानगी नव्हे.

राहता राहिला टॉवेल. त्याला घट्ट पकड, उताणा-पालथा वळणं आणि करंगळीकडे झुकणं, सगळं एकदम लागतं, म्हणून ते जवळजवळ सगळ्यात शेवटी येतं. बरणीचं झाकण त्याच्या आधी सुटेल. सध्या टॉवेल नळाला अडकवून डाव्या हाताने पिळा, उजव्याने फक्त धरा.